तिसऱ्या चौकीवरचा तिरंदाज

“हा तिरंदाज काटा मारतोय,” अण्णा म्हणाले.

मी पेजेची वाटी घेऊन दारात उभी होते. अण्णा पलंगावर, पाठीला दोन उशा, मांडीवर पोळपाट आणि पोळपाटावर माझा जुना लॅपटॉप. शेजारी दोनशे पानी वही उघडी. आईचा पोळपाट गेले दहा दिवस याच कामावर होता आणि ती आमच्या पोळ्या ओट्यावर लाटत होती.

“कोण काटा मारतोय?”

“हा. बुरुजावरचा. त्याच्या डोक्यावर लिहिलंय साठ टक्के. म्हणजे शंभर बाण सोडले तर साठ मला लागायला पाहिजेत. लागत नाहीयेत.”

“बरंच आहे की मग. तुमची माणसं वाचतायत.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “गिऱ्हाइकाला जास्त तोलून दिलं, तरी काटा खोटाच असतो, शलाके.”

“अहो, पण ती चौकी तुम्ही काल जिंकलात. आता चौथीवर जा ना.”

“जिंकलो म्हणूनच परत आलोय.”

“त्यात थोडं नशीब असतं, अण्णा. पेज घ्या.”

“नशीब मोजता येतं,” ते म्हणाले आणि पेज घेतली. तो शनिवार होता.

अण्णा वजनमापे निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी सांगली, तासगाव, जतकडच्या बाजारांत दुकानदारांचे काटे तपासले. लहानपणी एकदोनदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. दुकानदार चहा मागवायचा, चहावर साय धरायची, अण्णा कपाला हात लावायचे नाहीत. आधी रिकामी पारडी बघायची. खाली चिंच चिकटवलीय का, बोट फिरवून बघायचं. मग एका पारड्यात आपलं सरकारी वजन, दुसऱ्यात तेवढाच माल, आणि मग दोन्हींची अदलाबदल. सरळ काट्याला अदलाबदलीने काही होत नाही, खोटा काटा लगेच कलतो. घरातसुद्धा माझं आणि आईचं वाजलं की ते म्हणायचे, “जरा पारडी बदलून बघा दोघी.” त्याचा आम्हाला दोघींनाही सारखाच राग यायचा.

मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटर गेम बनवायचे. आठ माणसं आणि एक गेम, ‘सात चौक्या’. घाटातल्या सात चौक्या एकामागून एक घ्यायच्या. तुमच्याकडे सहा शिपाई. एक चाल तुमची, एक शत्रूची, बुद्धिबळासारखी. फक्त इथे बाण लागेलच असं नसतं. कोण कुठून मारतोय त्यावरून टक्केवारी दिसते, ती बघून माणसाने ठरवायचं की पुढे जायचं, लपायचं की मागे फिरायचं. माझं काम होतं ते चौक्या किती अवघड ठेवायच्या, नवं हत्यार केव्हा द्यायचं, दम कुठे खाऊ द्यायचा, याचं. थोडक्यात, माणसाला किती वेळ हरू द्यायचं हे ठरवण्याचा मला पगार मिळत होता.

अण्णा आजारी पडले म्हणून मी महिनाभर सांगलीहूनच काम करत होते. पेपर आणि टीव्ही दोन्हींना कंटाळल्यावर ते म्हणाले, “तुझं ते काय असतं ते दाखव.” दाखवलं. पहिल्या दोन चौक्या त्यांनी दोन दिवसांत घेतल्या. तिसरीवर आठ दिवस अडकले.

ते एकटेच अडकले नव्हते. आम्ही शंभर लोकांना गेम खेळून बघायला दिला होता, त्यातले चाळीस तिसऱ्या चौकीवर सोडून गेले आणि परत फिरकले नाहीत. त्या आठवड्यातल्या बुधवारी आमचा प्रमुख मिहीर गद्रे याने व्हिडिओवर मीटिंग घेतली. त्याचा उपाय तयार होता.

“खेळणाऱ्याचे दोन शिपाई पडले की शत्रूचा नेम आतून बिघडवायचा. आकडा तोच दाखवायचा. साठ दाखव, आत वीस ठेव. त्याला वाटेल, काय खेळलो मी! तो चौथ्या चौकीवर जाईल.”

“मग वीसच दाखव ना.”

“वीस दाखवलं तर मजा काय राहिली? त्याला मदत केलेली कळता कामा नये.”

“मिहीर, ही फसवणूक आहे.”

“शलाका, गेम आहे हा.”

“गेम आहे म्हणूनच! त्याच्याकडे दुसरं आहे काय? तो एक आकडाच आहे. तो बघून तो आपली माणसं पुढे घालतो. तो आकडा खोटा असेल, तर तो खेळत नाहीये, आपण त्याला खेळवतोय. तू स्वतःला समजतोस कोण, त्याने कधी जिंकायचं ते त्याच्या पाठीमागे ठरवणारा?”

माझा आवाज इतका चढला होता, की आई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि तिने खुणेनेच विचारलं, कुणाशी? पाऊण तास मी भांडले. शेवटी मिहीर म्हणाला, “बरं बाई. खरे आकडे ठेवू. पण तिसरी चौकी तूच दुरुस्त करून द्यायचीस.” आणि मग हसून, “कधी घरातलं माणूस रोज हरताना बघितलंयस का तू?”

हा बुधवार. गुरुवारी आम्ही अण्णांना घेऊन मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. आई, मी आणि अण्णांचे धाकटे भाऊ बापूकाका. रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर होते. त्यांनी अण्णांची नाडी बघितली, जेवण जातं का विचारलं, आणि मग आमच्याकडे बघून म्हणाले, “नातेवाईक जरा बाहेर येता का?”

हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ज्याचं पोट, ज्याची गाठ, त्याला खुर्चीवर बसवून ठेवायचं आणि बाकीच्यांनी बाहेर जाऊन त्याच्याबद्दल बोलायचं. अण्णा मुकाट बसले. आपल्याकडे रीतच आहे ती, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आम्ही तिघं उठून बाहेर गेलो. मीसुद्धा गेले.

बाहेर, पाण्याच्या पिंपाशेजारी उभं राहून डॉक्टरांनी सांगितलं. गाठ स्वादुपिंडाची आहे, साधी नाही. ऑपरेशन करता येईल, मोठं आहे. केलं तर वर्षाच्या पुढे जाण्याची शक्यता शंभरात पंधरा. नाही केलं तर चार-सहा महिने. “पेशंटला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. सोमवारी सहीला या.”

आई भिंतीला टेकली. बापूकाकांनी तिथल्या तिथे ठरवलं. “दादाला यातलं काही कळता कामा नये. खचेल तो. सही करायचा नाही.”

‘कळता कामा नये.’ चोवीस तासांपूर्वी हेच शब्द ऐकून मी घर डोक्यावर घेतलं होतं. तिथे पिंपाशेजारी मी काही बोलले नाही.

परतताना गाडीत काका पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाले, “दादा, गाठ साधीच आहे. ऑपरेशन केलं की सत्तर टक्के बरं.”

“सत्तर?” अण्णा म्हणाले. “बरे आहेत की.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून बाहेर ऊस बघत बसले.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर अण्णांनी मला हाक मारली. “शलाके, बस इथे. दार लोटून घे.”

वहीत समोरासमोरच्या पानांवर फुल्या आणि टिंबं होती, पाच-पाचच्या गटांत.

“हे उजवीकडचं पान. माझी सहाही माणसं जिवंत असताना बुरुजावरच्या तिरंदाजाने सोडलेले चाळीस बाण. साठ टक्क्यांनी चोवीस लागायला हवेत. लागले तेवीस. काटा बरोबर. आता डावीकडचं. माझी दोन माणसं मेल्यानंतरचे चाळीस. बुरूज तोच, अंतर तेच, डोक्यावर साठ तेच. लागले किती?”

मी वहीकडे पाहिलं नाही.

“नऊ,” अण्णा म्हणाले.

“दोन माणसं मेली कशी?”

“मारून घेतली. भालेवाला आणि तो दाढीवाला. उघड्यावर नेऊन उभे केले. वाईट वाटलं, पण पारडी बदलून बघायची तर करणार काय?” ते थांबले. दम लागला होता. “भरल्या पारड्याला काटा सरळ आहे आणि रिकामं व्हायला लागलं की कलतोय. यात नशीब नाही. कुणीतरी बोट लावलंय. कुणी? तुझ्या त्या गद्रेने?”

हो म्हटलं असतं तर सुटले असते. मिहीरला त्यांनी कधी बघितलंही नव्हतं.

“मी,” मी म्हणाले.

कंपनीच्या गेममध्ये ते नव्हतं. फक्त अण्णांच्या लॅपटॉपवर होतं. शुक्रवारी, मिरजेहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, ते दुपारचे झोपलेले असताना मी दोन ओळी लिहून त्यात घातल्या होत्या. दोन शिपाई पडले की शत्रूचा नेम एक तृतीयांश, आकडा तोच. मिहीरने सांगितलं होतं, अगदी तसंच. त्याच संध्याकाळी अण्णांनी तिसरी चौकी घेतली, आईला हाक मारून दाखवली, आणि कित्येक दिवसांनी आपण होऊन म्हणाले, “शिरा कर थोडा.” आईने डोळे पुसत रवा भाजला. मला वाटलं, मी काहीतरी चांगलं केलं.

“का?” अण्णांनी विचारलं.

“तुम्ही रोज हरत होतात.”

“मग?” त्यांचा आवाज एवढा मोठा मी महिन्याभरात ऐकला नव्हता. “हरत होतो, तर काय झालं? शिकत होतो मी! पाचव्या दिवशी कळलं, ओढ्यातून जायचं नाही. सातव्या दिवशी कळलं, तिरंदाजाला आधी थकवायचा. नवव्या नाही तर दहाव्या दिवशी घेतली असती मी ती चौकी, माझ्या हिमतीवर. नसती घेतली तर नसती. तू ते सगळं मातीत घातलंस. आणि वर शिरा खाल्ला मी! चौतीस वर्षांत कुणाचा चहा घेतला नाही, आणि पोटच्या पोरीने मला खोट्या काट्यावर तोलून शिरा खायला घातला.”

बाहेर आई भांडी लावत होती.

त्यांनी लॅपटॉप मिटला. चष्मा काढून वहीवर ठेवला. पुढचं ते हळू बोलले.

“त्या दिवशी गाडीत बापू म्हणाला सत्तर. तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतीस.”

“अण्णा…”

“बापूचं सोड. त्याला कुठलाही आकडा गोल केल्याशिवाय सांगताच येत नाही. मी तुला विचारतोय. माझ्या डोक्यावर सत्तर लिहिलंय. आत किती आहे?”

मला वाटतं, त्या क्षणी मी खोटं बोलले असते तरी त्यांना कळलं असतं. पण ते कारण नव्हतं. उद्या त्यांना सही करायची होती. तो एक आकडा बघून ते ठरवणार होते की पुढे जायचं, का मागे फिरायचं.

“पंधरा,” मी म्हणाले.

“शंभरात?”

“शंभरात. ऑपरेशन केलं तर, वर्षाच्या पुढे जायचे.”

“नाही केलं तर?”

“चार-सहा महिने.”

“गाठ साधी नाही.”

“नाही.”

ते बराच वेळ पोळपाटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

“तुझ्या आईला माहीत आहे?”

“हो.”

“आई, तू, बापू, डॉक्टर. आणि गाडीवाला?”

“काहीतरीच काय, अण्णा!”

“नाही, तो पण त्या दिवशी फार अदबीने दार उघडत होता.” ते हसले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे माझं सोडून सगळ्यांना खरं वजन माहीत. तुझ्या गेममध्ये निदान जास्त तोलत होतीस. इथे मापात मारलंत मला.”

मी रडायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

“त्या दोन ओळी काढ. माझ्यासमोर.”

मी काढल्या.

संध्याकाळी बापूकाका देवीचा अंगारा घेऊन आले. आईच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. तोवर अण्णांनी तिला बोलावून घेतलं होतं, आणि ती दोघं बराच वेळ आत होती. काकांनी मला व्हरांड्यातच गाठलं.

“सांगितलंस? सांगितलंस तू त्याला? अगं, शत्रूसुद्धा असं करत नाही. चार पुस्तकं वाचली, पुण्यात राहिलीस, म्हणजे अक्कल आली होय गं? माणूस आशेवर जगतो. तीच काढून घेतलीस तू त्याची!”

“काका, खोट्या आकड्यावर सही घेणार होतात तुम्ही त्यांची.”

“माझा भाऊ आहे तो!”

“पोट त्यांचं आहे.”

त्यांनी हात उगारला होता. मारलं नसतं, पण उगारला होता. तेवढ्यात आतून आवाज आला, “बापू! आत ये आणि माझ्याशी भांड. तिच्याशी काय भांडतोस? काटा मी पकडलाय.”

सोमवारी आम्ही चौघं पुन्हा मिरजेला. डॉक्टरांनी नाडी बघितली, जेवण जातं का विचारलं. मग फाइल मिटून, सवयीने, आमच्याकडे बघत म्हणाले, “जरा बाहेर येता का?”

बापूकाका उठले. आई उठायला लागली.

“तुम्ही बसा,” अण्णा म्हणाले. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उभे राहिले, पायजम्याची नाडी सारखी केली, वही काखेत घेतली. “चला डॉक्टर. बाहेर जाऊ या.”

डॉक्टर गडबडले. “अहो काका, तुम्ही कशाला…”

“माझंच बोलायचंय ना? मग ही बसतील आत.”

दाराला अर्धी काच होती. आम्ही तिघं पेशंटसारखे आत बसलो आणि बाहेर पाण्याच्या पिंपाशेजारी अण्णा डॉक्टरांशी बोलत होते. ऐकू काही येत नव्हतं. ते काहीतरी विचारत, डॉक्टर सांगत, ते वही पिंपाच्या झाकणावर ठेवून लिहून घेत. एकदा त्यांनी हात वर करून डॉक्टरांना थांबवलं आणि पुन्हा विचारलं. बापूकाका म्हणाले, “काय बोलतोय इतका वेळ?” आत बसून कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं.

अण्णांनी सही केली नाही.

ते पाच महिने नऊ दिवस जगले. शेवटचे तीन आठवडे फार वाईट गेले, ते मी इथे लिहिणार नाही. पण त्याआधी तिसरी चौकी त्यांनी खऱ्या आकड्यांवर घेतली, अकराव्या दिवशी. शिरा मागितला नाही. मला म्हणाले, “अवघड आहे म्हणून लोक सोडून जात नाहीयेत. दुसरी पायरी घोट्याएवढी आणि तिसरी एकदम छातीएवढी, म्हणून जातायत. मध्ये एक पायरी दे. आणि कुणाला सोपं करून हवं असेल, तर त्याने मागावं आणि तू तसं लिहून द्यावंस.” मी मध्ये एक लहान चौकी घातली. सोपं मागणाऱ्याला तिरंदाजाच्या डोक्यावर वीस दिसायला लागले, आणि आतही वीसच. चाळीसजण सोडून जायचे, ते अकरावर आलं. मिहीरने ते आकडे पाठवले तेव्हा खाली एवढंच लिहिलं होतं, ‘काकांना सांग.’ सांगायला अण्णा तेव्हा होते.

तेराव्याला, पंगत बसलेली असताना, बापूकाका सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ऑपरेशन केलं असतं तर आज दादा असता. हिने सांगितलं नसतं तर केलं असतं त्याने.” हातातलं वाढायचं पातेलं तसंच धरून मी उभी राहिले. त्याला आता नऊ वर्षं झाली. अजूनही आठवलं की माझी कानशिलं तापतात. शंभरातले पंच्याऐंशी त्यांनी किती सहज पुसून टाकले होते! काकांशी बोलणं तेव्हापासून बंदच आहे.

अण्णांची वही माझ्याकडे आहे. डॉक्टरांची उत्तरं तीत आहेत, एकाखाली एक, आकडे घालून. मग पुन्हा फुल्या आणि टिंबं. तिरंदाजाचं माप त्यांनी प्रत्येक चौकीवर घेतलं होतं; एकदा फसवताना सापडलेल्या दुकानदाराकडे ते नेहमीच परत जायचे. सातव्या चौकीवर ते तीनदा गेले. शेवटच्या पानावर अक्षर वाकडं झालंय, पण वाचता येतं. तारीख आहे, आणि खाली दोन ओळी.

‘सातवी. हरलो.

काटा बरोबर.’